दक्षिणेच्या भिंतीवरचा खिळा

हॅरो, लंडन, ९ फेब्रुवारी २०२५

आणि वर तूच मला विचारतोस, पैसे कमी का आले. दादा, पैसे काय इथं झाडाला लागलेत? स्लॅब झाला, फरशी झाली, रंग झाला, सीमावहिनीच्या ओट्याला ते काळं ग्रॅनाइट झालं, तेव्हा मी एकदा तरी तोंड उघडलं का? दोन महिने जरा कमी आले तर लगेच मेसेज, 'सुयश, काय भानगड आहे?' भानगड काही नाही. एका कामासाठी बाजूला टाकतोय. कुठल्या ते नंतर सांगीन. दारूत नाही घालवत, एवढं वहिनीला सांग.

फोन लावला तर तू उचलत नाहीस. मेसेज टाकला तर नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून हा कागद. कागदाचं एक बरं असतं, तो आबांना वाचून दाखवता येतो. नववीत शाळा सोडली तरी अक्षर माझंच बरं, असं आबा म्हणतात, तुझ्या तोंडावर म्हणालेत. जिथं 'आबांना' लिहून खाली रेघ मारलीय तेवढंच त्यांना वाच. बाकीचं आपल्या दोघांतलं.

आता तुझ्या भिंतीचं. तीन फोटो पाठवलेस, तिन्हीत कोरी भिंत, आणि खाली लिहिलंस, काय लावू ते सांग. आयुष्यात पहिल्यांदा तू मला काहीतरी विचारलंस. वहिनीला सात घोडे हवेत, धावणारे, पूर्वेच्या भिंतीला. लाव. आख्ख्या तालुक्यात प्रत्येक नव्या घरात तेच सात घोडे धावतायत, अजून कुठं पोचलेले नाहीत. पण तुझं ते दुसरं मला पटलं नाही. लंडनचं घड्याळ आणि लाल बस, चार फुटी, दारातून आत आलं की लगेच दिसेल असं. का, तर लोकांना कळावं घर कुणाच्या पैशानं झालं. दादा, ते घड्याळ मी एकदा बघितलंय, तेही लांबून. लाल बस रोज बघतो, १८३ नंबरची. तिच्यात वर बसलं की लोकांच्या घरात दिसतं. तसली बस मला आपल्या घरात नको.

तुला वाटत असेल, याला काय कळतं. पण सध्या माझं काम तेच आहे. श्रीकांतकाका म्हणून इथले जुने, त्यांच्या हाताखाली रंग आणि भिंतीवरची कामं करतो. लोक घर पाडून नवं करतात आणि शेवटी चित्रं टांगायला मला बोलावतात. इथल्या भिंती पोकळ असतात. आधी बोटानं ठोकून आवाज ऐकायचा, मग भोक पाडायचं. कुठं काय टांगलं होतं आणि का काढलं, ते मी रंगाखालून ओळखतो. काका म्हणतात, तुझा डोळा चांगलाय, तोंड तेवढं बंद ठेव.

व्हिसाचं काम चालू आहे. ते फोनवर विचारत जाऊ नकोस.

आबांना –

आबा, पाया पडतो. दिवाळीनंतर तुमचा आवाज नाही. दादा कधी म्हणतो झोपलेत, कधी म्हणतो टाकीकडं गेलेत. ग्रामपंचायतीनं तुम्हाला घरी बसवून सहा वर्षं झाली, आता कुठल्या आळीला पाणी सोडता? मफलर वापरा. भिंतीवर काय लावायचं ते तुम्ही सांगा. घर तुमचं आहे. दादा काही म्हणू दे.


हॅरो, २ मार्च

पत्र मिळाल्याचं कळवलंस, बरं झालं. आबांचा फोटो मागितला म्हणून पाठवलास, तेही बरं. पण दादा, तो जुना आहे. मागची भिंत निळी आहे. निळी भिंत तू ऑक्टोबरातच पाडलीस. नवीन काढ की. नव्या हॉलमध्ये खुर्चीवर बसव आणि काढ. मला उंचीचा अंदाजही येईल.

तो निळा फोटो बघत बसलो होतो. त्यात आबांच्या डोक्यामागं खिळ्याला कॅलेंडरं दिसतात. खतवाल्याची. दरवर्षी नवं आलं की जुन्यावर अडकवायचे, काढायचे नाहीत. वीस-बावीस वर्षांची एकाच खिळ्यावर. फुगून उशीएवढी झाली होती. तू विसरला असशील, मी नाही. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचे: वरची आळी सकाळी सहा, मारुतीची आळी सात, व्हॉल्व्ह गळतो. मधेच कुठंतरी तुझं-माझं: ज्ञानूला ताप. सुयश पुण्याला गेला. आबांना अक्षरं तेवढीच येत होती, पण कामाची सगळी येत होती.

ती कॅलेंडरं कुठं गेली? भंगारवाल्याला दिलीस ना? भिंत पाडताना आधी ती उतरवून ठेवावीत एवढी अक्कल तुला नव्हती. आता कोऱ्या भिंतीचे फोटो पाठवून मला विचारतोस काय लावू. जे होतं ते टाकलंस.

असो. भांडायला बसलो नव्हतो. सांगायचं वेगळंच आहे, आणि हे आबांना अजिबात वाचू नकोस.

मी येतोय. मे महिन्यात.

पैसे त्यासाठीच बाजूला टाकत होतो. एकाच बाजूचं तिकीट. आणि आता खरं सांगतो. व्हिसा नाही. साहेबांच्या आईला सांभाळायला पुण्याहून त्यांनी मला आणलं, तो व्हिसा सहा महिन्यांचा होता. आई वारली, साहेबांच्या घरचे सगळे परत गेले, मी विमानतळाच्या वाटेवर स्टेशनवरून मागं फिरलो. त्याला दीड वर्ष होऊन गेलं. काम चालू आहे, वकील बघतोय, हे सगळं तुला सांगितलेलं खोटं. एकदा विमानात बसलो की परत इकडं पाऊल टाकता यायचं नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार केला. नाही तर नाही.

दिवाळीला फोनवर आबांचा आवाज कसा तरीच वाटला. तेव्हापासून डोक्यात आहे. मला फक्त त्यांच्या शेजारी बसायचंय. घर झालंय, तू म्हणतोस. मग मी आता इथं कशाला?

आबांना –

आबा, सध्या एका मराठी माणसांच्या घरी काम चाललंय. अंशुमन नावाचे साहेब आहेत, त्यांची मुलगी आर्या. ती इथंच जन्मली. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत बाई आणि बाप्या एकच. तिनं भिंतीसाठी चित्रं मागवलीत, तिन्हीत नुसते गोल. एक मातकट, एक राखाडी, एक दोन्ही. मी विचारलं हे काय आहे, तर म्हणाली, 'काही नाही दादा, हे शांत आहे.' तुम्ही असता तर म्हणाला असता, एवढ्या पैशात कॅलेंडर आलं असतं, वर तारखा फुकट.


हॅरो, २३ मार्च

आज 'आबांना' असं काही नाही. माझ्या हातून काय झालं ते तू एकट्यानंच वाच.

अंशुमन साहेबांच्या घरातलं काम संपत आलं होतं. खालच्या मजल्यावर एक खोली नव्यानं केली होती, शेजारी बाथरूम, दाराला उंबरा नाही. काकांनी एवढंच सांगितलं होतं, हॉस्पिटलमधून म्हातारं माणूस यायचंय, गुरुवारी दुपारच्या आत सगळं टांगून मोकळा हो. घरात कुणी नव्हतं. आर्याचे तीन गोल लावले. लेव्हलचा बुडबुडा मधोमध, केसभर इकडंतिकडं नाही. चौथी फ्रेम प्लॅस्टिकात गुंडाळून जिन्याखाली ठेवली होती. सोडली तर आत काळा-पांढरा फोटो, म्हातारबाबा, कोट-टाय, आणि त्याच गुंडाळीत चंदनाचा हार.

तू काय समजला असतास? मी समजलो, आजोबा गेले, आजी येतायत. मोबाईलवर दक्षिण काढली. दक्षिणेच्या भिंतीला दोन स्क्रू घेतले, फोटो लावला, हार घातला, पाकळ्या सारख्या केल्या. काच पुसली. कुणी बघत नव्हतं तरी हात जोडले. खूप दिवसांत हात जोडायला काही मिळालं नव्हतं.

दोन वाजता गाडी आली. आधी आर्या आत आली, तिच्यामागं चार पायांची काठी टेकत तेच म्हातारबाबा. पद्माकर आजोबा. कोट तेवढा नव्हता.

आर्यानं भिंतीकडं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. मला म्हणाली, 'दादा, आजोबा मेली नाही. आजी मेला.' त्यावर कुणी हसलं नाही. फोटो पोराबाळांनी त्यांच्या नव्वदीसाठी मोठा करून घेतला होता. हार आजींच्या फोटोचा, तो फोटो अजून फ्रेमवाल्याकडं होता.

आजोबा काठीवर रेलून बघत राहिले. मला वाटलं, पडतात आता. मग म्हणाले, 'बरा दिसतोय की.' आणि मला विचारलं, 'दक्षिण बघून लावलास?' मी मान हलवली.

'घरी शिकवलंय कुणीतरी. वडील आहेत?'

'आहेत.'

'कधी बोललास?'

'दिवाळीला.'

'होळी झाली,' ते म्हणाले, आणि आत जाऊन पलंगावर बसले.

अंशुमन साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाहेर जाऊन काकांना फोन केला, याला परत आणू नका. काका म्हणाले, पुढचं काम निघालं की कळवतो. तीन दिवस झाले, कळवलेलं नाही. ते कळवणारही नाहीत. कागद नसलेला माणूस त्यांनी वर्षभर सांभाळला, आता नाव झालं.

त्याचं मला एवढं काही वाटत नाही. मेमध्ये निघायचंच आहे. पण घरी चालत येताना एक डोक्यात आलं आणि ते जात नाही. आपली माणसं जिवंतपणी कधी भिंतीवर जातात? मेल्याशिवाय कुणाचा मोठा फोटो काढत नाहीत आपल्यात. पद्माकर आजोबांनी स्वतःला भिंतीवर बघितलं आणि 'बरा दिसतोय' म्हणाले. आबांनी कधी म्हटलंय स्वतःला बरा दिसतोय असं?

म्हणून माझं ठरलं. तू विचारत होतास ना, काय लावू? आबांचा फोटो लावू. आत्ता, ते असताना. हार नाही, दक्षिण नाही. पूर्वेच्या भिंतीला, जिथून उजेड येतो. घोडे वहिनीच्या खोलीत धावू देत. मी आलो की आबांना समोर खुर्चीवर बसवीन आणि विचारीन, कसा दिसतोय म्हातारा?

नंदूच्या स्टुडिओत मी स्वतः फोन करून सांगतो, चोवीस बाय अठरा, सागाची फ्रेम. तू फक्त एक कर. हॉलच्या चारी भिंतींचा व्हिडिओ काढून पाठव. सावकाश फिरव. मला मापं बघायचीत. आणि आबा खुर्चीत बसले असतील तर त्यांनाही घे त्यात.


हॅरो, ६ एप्रिल

दादा,

या पत्रात आबांना वाचून दाखवायचं काही नाही.

व्हिडिओ मिळाला होता. छान काढलास. पूर्वेची भिंत, घोडे नाहीत अजून. पश्चिमेला टीव्ही. उत्तरेला दार. दक्षिणेच्या भिंतीवरून फोन जरा लवकर फिरवलास. मी ते थांबवून बघितलं. तिथं एक खिळा आहे. खिळ्याच्या वर छोटा होल्डर, लाल झिरोचा दिवा असतो तो. आणि खिळ्याखाली दोन-अडीच फुटांवर, नव्या पांढऱ्या रंगावर, पिवळट डाग आहे. झेंडूचा. हार टेकतो तिथं भिंतीला रंग लागतो. रोज बदलला तरी लागतो.

तुला सांगितलं होतं, कुठं काय टांगलं होतं ते मी ओळखतो. तरी मी ओळखलं नाही. मी मनाला सांगितलं, देवाचा फोटो असेल. घड्याळ असेल. घड्याळाला कोण हार घालतं?

मग नंदूला फोन केला. म्हटलं आबांचा मोठा फोटो करायचाय, चोवीस बाय अठरा. तो म्हणाला, 'अजून एक? डिसेंबरात केला की तेवढाच.' मी विचारलं, 'कुणाचा?' त्यालाच कळलं काय झालं ते. मग म्हणाला, 'सुयश, मला वाटलं तुला माहिती आहे. तुझ्यासाठी एक कॉपी काढून ठेवली होती मी. आला नाहीस, मग पडून राहिली.'

चौदा डिसेंबर. आज सहा एप्रिल. दिवस मोजले नाहीत मी, आणि तूही मोजून सांगू नकोस. त्या दिवशी मी इथं एका घरात जिन्याला पांढरा रंग देत होतो, एवढं आठवतं. गाणी लावली होती.

मी एका जित्या माणसाला हार घातला. तू मेलेल्या माणसाचा काढलास, व्हिडिओपुरता. काढताना आबांकडं बघवलं का? फोन लवकर फिरला म्हणून विचारतो.

का लपवलंस, ते मला कळतं. तेच जास्त वाईट आहे. स्लॅबच्या सळ्या बांधून झाल्या होत्या. मला सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी निघालो असतो, आणि घर आभाळाकडं तोंड करून राहिलं असतं. तुला ते बरोबर वाटलं. आलोच असतो. सांगितलं असतंस तर आबांचं तोंड तरी बघितलं असतं, दादा. बर्फावर ठेवता आलं असतं एक दिवस. सगळे ठेवतात.

आणि माझी पत्रं? रेघ मारून 'आबांना' लिहीत होतो ते? वहिनीनं परवा मेसेज केला. म्हणाली, दोन्ही वेळा तू फोटोसमोर खाली बसून मोठ्यानं वाचलंस, आणि कॅलेंडरच्या चेष्टेला तुझी अन्वी हसली. अन्वीला वाटतं, आजोबा ऐकतात. मला हे वाचून राग यायला हवा होता. आलाही. पण मग तू जमिनीवर मांडी घालून माझा कागद वाचतोयस असं दिसलं आणि राग कुणावर धरावा ते कळेना.

कॅलेंडरांचं तुला खूप बोललो. आता ऐक. दिवाळीला आबांनी फोनवर शेवटी एकच गोष्ट मागितली होती. म्हणाले, 'ज्ञानू भिंत पाडणारे म्हणतो, माझी कॅलेंडरं उतरवून ठेवायला सांग. तुझं ऐकतो तो, पैसे तुझे आहेत.' निळी भिंत तोवर पडली होती, कॅलेंडरं कोपऱ्यात पडली असणार, त्यांना कुणी सांगितलं नसेल किंवा ते विसरले असतील. मी काय म्हणालो? म्हणालो, 'आबा, नव्या घरात जुना कचरा कशाला?'  ते म्हणाले, 'बरं.' आणि फोन अन्वीकडं दिला.

हे आमचं शेवटचं बोलणं. तू टाकली नाहीस ती. मीच टाकायला सांगितली, तू फक्त ऐकलंस. पाच महिने हे तुझ्या माथ्यावर मारून मी झोपत होतो.

आता भिंतीचं सांगतो. माझं म्हणून एवढंच ऐक.

फोटो परत लाव, होता तिथंच. आज लाव. खिळा काढून टाक, एका खिळ्यावर फ्रेम झुकते. दोन भोकं घे, प्लग घाल, स्क्रू पिळ. बाजारात पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी मिळते, तिच्यावर सरळ धर. फार उंच नेऊ नकोस, लोक उंच लावतात आणि मग कुणी वर बघत नाही. अन्वी खुर्चीवर उभी राहिली की तिच्या डोळ्यांसमोर आले पाहिजेत आबा. पिवळा डाग पुसू नकोस. त्यावर रंग मारू नकोस. नंदूकडची ती दुसरी कॉपी पाठवू नकोस मला. माझ्या खोलीची भिंत पोकळ आहे, आणि घरमालक खिळा मारू देत नाही.

समोरच्या भिंतीला वहिनीचे घोडे लाव. आबांना काहीतरी बघायला पाहिजे. घड्याळ-बस नकोच.

मी येत नाही. पद्माकर आजोबांच्या घरावरून काल गेलो, खिडकीतून दिसलं. त्यांनी फोटो काढलेला नाही. हार तेवढा काढलाय. ते खाली बसले होते, वर तेच होते. मी रस्त्याच्या पलीकडं उभा राहिलो, मग बस आली. तुला वाटेल आता तरी ये. कशाला येऊ? दारात उतरून हाक कुणाला मारू? आबा म्हणून हाक मारायची सवय आहे, आणि तू बाहेर येशील. तुझं तोंड बघायला मला अजून वेळ लागेल. तुलाही लागेल. इथं काम मिळेल कुठंतरी, कॉव्हेंट्रीला एक जण ओळखीचा आहे, गोदामात लावतो म्हणतो. तिथं भिंती नसतात म्हणे, नुसते रॅक.

तिकिटाचे ठेवले होते ते सगळे पाठवतोय. सळ्या-सिमेंटच्या जुन्या बिलात घालू नकोस, वहिनीला दाखवून घे. चांगली काच घे, उजेड परतवणारी नको, नाहीतर आबांकडं बघताना आपणच दिसतो. उरतील त्याचा रोज हार आण, झेंडूचा, संपेपर्यंत.

चोपन्न हजार आठशे रुपये.